टेबलं जोडायची नाहीत

बाई, मी जिंकले. शाळेत असताना अशी बातमी तुम्हाला द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, कारण मी काही जिंकतच नव्हते. आता जिंकले आहे तर तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, सर तर तुमच्याही आधी गेले, आणि मी इथे न्यू जर्सीत, एडिसनच्या ओक ट्री रोडवर, साड्यांचं दुकान आणि मिठाईचं दुकान यांच्या मधे अंग चोरून उभ्या असलेल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत बसून तुम्हाला लिहिते आहे. समोरच्या काचेवर पोस्टर लावलंय. त्यावर ऱ्हाइन नदी आहे, लांबट पांढरी बोट आहे आणि मोठ्या मराठी अक्षरांत 'जोडीनं चला' असं लिहिलंय. ते शब्द माझे. कल्पना मात्र तुमची, तुम्हाला तिचा पत्ता नसला तरी.

आठवीचा वर्ग आहे. तुम्ही भूगोल शिकवताय आणि विचारताय, नदीकाठी माणसं वस्ती का करतात? कुणी पाणी म्हणतं, कुणी शेती, कुणी वाहतूक. मी हात वर करून सांगते, "संध्याकाळी फिरायला, बाई." सगळा वर्ग खो-खो हसतो. कारण आमच्या गावात कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी जोडीनं फिरायला जाणारे तुम्ही आणि सर, दोघंच होतात. बाकीच्या बायका घाटावर जायच्या त्या धुण्याला किंवा देवाला. माझे बाबा बाजारात निघाले की पुढे चालायचे आणि आई पिशवी घेऊन मागे, इतकी मागे की परक्या माणसाला ती दोघं एकमेकांची आहेत हे कळूच नये. तुम्ही मात्र सरांच्या बरोबरीनं, हात हलवत, काहीतरी सांगत चालायचात. लोक एकमेकांना कोपरानं ढोसायचे. मी ते उत्तर भोळेपणानं दिलं होतं, पण तुमचा चेहरा लाल झाला आणि तास संपेपर्यंत मी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी बोलावलंत. मी घाबरत घाबरत आले, तर स्वयंपाकघरात सर चहा करत होते. पातेल्यात आलं किसून घालताहेत, आणि तुम्ही पाटावर बसून त्यांना शाळेतल्या शिपायाची नक्कल करून दाखवताय. पुरुषाला चहा करताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि नवरा-बायको काही काम नसताना उगीचच एकमेकांशी बोलतात हेही पहिल्यांदाच. तुम्ही मला कप दिलात आणि म्हणालात, "उत्तर चुकलं नव्हतं तुझं. पण तू वर्गापुढं आमचं हसं केलंस, म्हणून उभं केलं. पुन्हा कुणी हसलं तर सांग, बाईंना बोलायला आवडतं आणि सरांना ऐकायला. यात हसण्यासारखं काय आहे?" सर नुसते हसले. मला मात्र घरी जाऊन आईबाबांकडे बघवेना. वाईट वाटलं होतं असं नाही, हेवा वाटला होता.

आता इकडची गोष्ट. डॉटकॉमवाल्या कंपन्या बसल्या तेव्हा माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आणि मी या एजन्सीत काउंटरवर लागले. त्याला पुढे दुसरी मिळाली, पण मी काही इथून हलले नाही. आमचे मालक सुरतेचे, सगळे त्यांना भाई म्हणतात. काम एकच, मुंबईची तिकिटं काढायची आणि "काकू, बॅगेत लोणचं नीट पॅक करा" असं सांगायचं. मग दोन वर्षांपूर्वी एक दिवस इथेच जन्मलेली एक मराठी मुलगी आत आली. हातात कॉफी, गळ्यात ऑफिसचं कार्ड. म्हणाली, "माझ्या आई-डॅडची अ‍ॅनिव्हर्सरी आहे. आय वॉन्ट समथिंग रोमँटिक. जस्ट द टू ऑफ देम. दे नेव्हर गो एनीव्हेअर अलोन, यू नो? ऑल्वेज विथ ट्वेंटी पीपल." मी तिला युरोपातल्या नदीवरच्या बोटीचं पुस्तक दाखवलं. रोज नवं गाव, आणि रोज दुपारी खास जोडप्यांसाठी आखलेली छोटी सहल. ती पानं उलटत राहिली आणि मला एकाएकी घाटावरचे तुम्ही दोघं दिसलात. मला वाटलं, ही सहल त्या एका मुलीच्याच आईवडिलांना का? एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला इथे आलेले, नोकऱ्या केलेले, घरं घेतलेले, मुलं कॉलेजला पाठवून रिकाम्या घरात बसलेले आपले किती काका-काकू आहेत!

भाईंनी हात जोडले. "बेन, अपने लोगों को रोमँटिक नहीं चाहिए. आठ दिन में दस कंट्री दिखाओ, बस में बिठाओ, दाल-चावल खिलाओ." मी हट्टाला पेटले. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, एक ग्रुप नेऊन दाखव. परत आल्यावर लोकांनी चांगलं सांगितलं तर नदी तुझी, नाहीतर तू परत तिकिटांवर, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी दहा जोडपी जमवली. त्यांत त्या मुलीचे आईवडीलही होते. वडील मोठ्या कंपनीतले इंजिनियर, आवाज खणखणीत, महाराष्ट्र मंडळात त्यांच्या शब्दाला वजन. सोयीसाठी त्यांना काका म्हणते, मी तिथेही काकाच म्हणत होते. काकू शांत. त्या बोलायच्या आधी काका बोलून मोकळे व्हायचे.

बाई, पहिल्या गावात काय झालं सांगते. स्ट्रासबुर्गला कालव्याच्या काठी एका हॉटेलात मी दोघादोघांची दहा टेबलं राखून ठेवली होती. प्रत्येकावर मेणबत्ती, एकेक गुलाब. मी ग्रुपच्या नावांच्या बिल्ल्यांचा घोळ निस्तरून पाच मिनिटांत मागून पोहोचले, तर काकांच्या देखरेखीखाली दहाही टेबलं ओढून एकाला एक लावलेली! लांबच्या लांब पंगत. मेणबत्त्या एका कोपऱ्यात गोळा केलेल्या, मधे ठेपल्यांचे आणि चिवड्याचे डबे, एका बाजूला सगळे पुरुष, दुसऱ्या बाजूला सगळ्या बायका. वेटर भिंतीला टेकून उभा. काका मला म्हणतात, "अगं, ये ये, तुझ्यासाठी जागा ठेवलीय. या हॉटेलवाल्यांनी सगळ्यांना वेगवेगळं बसवलं होतं, बघ! मी म्हटलं, वुई आर टुगेदर." मला हसावं की रडावं कळेना. चिवडा मात्र खाल्ला.

हायडेलबर्गला नदीच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक सुंदर पायवाट आहे, दोन माणसांनी हळूहळू चालावं अशी. आमचे पुरुष पुढे गेले, निवृत्तीनंतर पैसा कुठे ठेवावा यावर वाद घालत. बायका मागे, सुनांवर. मधे इतकं अंतर की मला आमचा बाजाराचा रस्ता आठवला. अटलांटिक ओलांडून आलेली, गाड्या चालवणारी, मोठमोठ्या पगाराची ही माणसं, आणि चालायची तऱ्हा माझ्या बाबांचीच! त्या दिवशी जेवताना काकांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. "बोट छान आहे, नो डाउट. पण हे रोमँटिक-बिमँटिक आपल्याला कशाला? घरी गेलो की भाईंना सांगतो, पुढच्या वेळी बस काढा, यार. सगळे एकत्र, मजा येते." माना डोलल्या. नदी माझ्या हातून गेली, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी रूडेसहाइम. तिथे द्राक्षांच्या मळ्यांवरून डोंगरमाथ्यावर जाणारा रोपवे आहे, उघडे छोटे पाळणे, एकात दोनच माणसं मावतात. इथे टेबलं जोडता येणार नाहीत याचा मला कोण आनंद झाला होता! तर रांगेत बघते तो काय, "चल गं, आपण दोघी बसू" म्हणत बायका-बायकांच्या जोड्या लागलेल्या आणि पुरुष-पुरुषांच्या. काकूंनी एका डॉक्टरीणबाईंचा हात धरलेला. मला तुमच्यासारखा राग आला, बाई. वाटलं, सगळ्यांना तास संपेपर्यंत उभं करावं. पण रागानं कुणी कुणाशेजारी बसत नाही. मग मला एकदम सुचलं. ही सगळी मंडळी दर वर्षी घरी सत्यनारायण घालतात, एडिसनला, प्लेन्सबरोला, पार्सिपनीला. तेव्हा पाटावर जोडीनं बसायला कुणी लाजत नाही, चार लोक बघत असतात तरी. मी रांगेच्या पुढे गेले आणि गुरुजींच्या आवाजात ओरडले, "यजमान सगळे रांगेत उभे राहा! जोडीनं बसायचंय! बाईंनी यजमानांच्या उजव्या हाताला यायचं!"

एकच हशा. आणि बाई, खरोखर, हसता हसता पाय हलले. इतक्या वर्षांची सवय, कुणी सांगायची गरज नाही, प्रत्येक बाई बरोबर आपल्या नवऱ्याच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली. काका म्हणाले, "अगं, हे काय नाटक!" पण काकूंनी डॉक्टरीणबाईंचा हात सोडला होता. त्या काकांशेजारी पाळण्यात बसल्या. मी म्हटलं, "यजमानांच्या हाताला हात लावा." आणि त्यांनी लावला. पाळणा उचलला गेला. खाली पिवळसर मळे, पलीकडे नदी, आणि एकामागून एक दहा पाळणे, प्रत्येकात दोन डोकी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. रोपवेवाल्या जर्मन माणसानं माझ्यापुढे रुमाल धरला.

अर्ध्या तासानं खाली यायचं ठरलं होतं. कुणीही आलं नाही. मग मीच एका पाळण्यातून एकटी वर गेले, तर कठड्याशी, झाडाखाली, बाकांवर आपली माणसं दोघं-दोघं बसलेली. कुणाला माझी गरज नव्हती. काकू भेटल्या तेव्हा त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, हे बोलायला लागले."

"काका तर नेहमीच बोलतात की!"

"ते सगळ्यांशी. आज माझ्याशी बोलले."

"काय बोलले?"

"ते तुला कशाला सांगू?" असं म्हणून त्या चक्क लाजल्या. मागून काका आले, घसा खाकरला आणि एवढंच विचारलं, "खाली जाताना पण याच पाळण्यातून जायचं ना?"

परत आल्यावर काका एजन्सीत आले. भाई खुर्चीवरून उठून उभे राहिले, मी तिकिटांच्या खिडकीत मान खाली घालून. काकांनी बसचं नावही काढलं नाही. म्हणाले, "भाई, आमच्या मंडळातली आणखी जोडपी पाठवतो. ही बाई बरोबर पाहिजे. आणि तो पाळणा कॅन्सल केलात तर बघा." नदी माझी झाली! आता ऱ्हाइन आहे, डॅन्यूब आहे, माझं वेगळं टेबल आहे, त्यावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि भाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आयडिया त्यांची. सांगू देत. प्रत्येक ग्रुप निघण्याआधी मंडळाच्या हॉलमध्ये मीटिंग असते. तिथे काका स्वतः माइक हातात घेऊन दरडावतात, "एकच नियम. टेबलं जोडायची नाहीत!" काकू त्यांच्या शेजारी बसलेल्या असतात. मी मागे उभी राहून बघते, आणि कृष्णेच्या घाटावर तुम्हाला हसणाऱ्या त्या सगळ्यांना इथे आणून बसवावंसं वाटतं.

बाई, तुम्ही असता तर पुढचं लिहिलं नसतं. हे पत्र कुठेही जाणार नाही, म्हणून लिहिते. इतक्या जोडप्यांना मी बोटीवर चढवलं, पण नवऱ्याबरोबर स्वतः कधी गेले नाही. मी ग्रुप घेऊन जाते, तो घरी मुलांचं बघतो. या वेळी मी दोघांची तिकिटं काढली, ग्रुप नाही, बिल्ले नाहीत, नुसती आम्ही दोघं. काल जेवताना त्याला सांगितलं. तो खूश झाला. मग जरा वेळानं म्हणाला, "ग्रुपमध्ये कोण कोण आहे?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

तो घास हातात धरून बसला. म्हणाला, "मग आठ दिवस बोलायचं काय गं?"

मी मोठ्यानं हसले आणि त्याला आमटी वाढली. पण बाई, तिकिटं काढताना मलाही तोच प्रश्न पडला होता.