पांढरी गाडी कुणाच्या नावावर

मी, आकाराम जोतिबा फडतरे, वय सदुसष्ट, धंदा टॅक्सी, राहणार गोडोली, सातारा, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. यकृताचे दुखणे बरे होणारे नाही असे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले आहे. शरीर थकले असले तरी डोके जाग्यावर आहे आणि तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचाही दाब नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मजकूर मी सांगितला आणि अॅड. क्षमा देशमुख यांनी टाइप केला. मध्ये मध्ये त्या थांबून म्हणायच्या, "आप्पा, हे इथं लिहायची गरज नाही." तरी मी ते राहू द्या म्हणून सांगितले.

एक) गोडोलीतील राहते घर मी टॅक्सीच्या धंद्यावर बांधलेले आहे. ते माझ्यामागे माझी पत्नी लीलाबाई हिने हयातभर वापरावे. तिला कुणीही उठवू नये. तिच्यामागे मुलगा पृथ्वीराज व आष्ट्यास दिलेली मुलगी सृष्टी यांनी ते समान वाटून घ्यावे. लग्नात दिले म्हणून सृष्टीचा हिस्सा कमी करू नये. जावयांनी कधी काही मागितले नाही हे इथे नोंदवतो.

गावाकडची उसाची जमीन मी पूर्वीच थोरल्या भावास दिली. तिच्यावर माझा किंवा मुलांचा हक्क नाही.

दोन) सातारा स्टँडबाहेरच्या टॅक्सी थांब्यावर माझा नंबर आहे. नंबर म्हणजे पाळी. ज्याची गाडी पुढे त्याचे गिऱ्हाईक, मग त्याच्या वाट्याला महाबळेश्वर येवो नाहीतर कोरेगाव. कुणाचे नशीब चांगले, कुणाचे वाईट, पण सगळे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हा नंबर विकता येत नाही, म्हणून तो थांब्याला परत करतो. आता गिऱ्हाईक एसटीतून उतरते आणि खाली मान घालून मोबाइलवर गाडी बोलावते. आमच्याकडे बघतसुद्धा नाही. तेव्हा नंबर घ्यायला कुणी पुढे येईल असे वाटत नाही.

याच थांब्यावरचे भाऊसो जगदाळे यांनी मी चहाला गेलो असताना पाळी मोडून माझे पुणे विमानतळाचे भाडे नेले होते. ते मी विसरलेलो नाही. त्यांनी मला खांदा द्यायला यावे, पण मागचा द्यावा.

तीन) पृथ्वीराजचे क्रिकेटचे सामान, म्हणजे बॅट, पॅड व कपाटातील चषक, विकू नये.

याबाबत एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे, कारण आमच्यात अजून उलटसुलट बोलले जाते. पृथ्वीराज फिरकी टाकायचा. त्याच्यासारखा चेंडू वळवणारा पोरगा जिल्ह्यात नाही, असे त्याचे सर म्हणायचे. राज्याच्या संघासाठी पोरे निवडायची म्हणून सांगलीला सामना ठेवला होता. तो साताऱ्याचा कप्तान. पोरांना माझ्याच जीपमधून नेले. आदल्या रात्री पाऊस पडला होता आणि खेळपट्टीवरचे कापड गळके निघाले. सकाळी खेळपट्टी ओली होती. टॉस जिंकेल तो दुसऱ्याला आधी बॅटिंगला घालणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

नाणे उडाले. पृथ्वीराजने छापा मागितला. नाणे चिखलात पडले. पंचांचा गुडघा दुखत होता, त्यांना वाकता येईना. मी पाण्याचा कॅन घेऊन तिथेच उभा होतो, म्हणून त्यांनी मला उचलायला सांगितले. उचलण्याआधी आम्ही सगळ्यांनी पाहिले. काटा होता.

साताऱ्याची पोरे जेवणाच्या आधीच बाद झाली. दुपारी ऊन पडले, खेळपट्टी सुकली, आणि सांगलीची पोरे आरामात खेळली. पृथ्वीराज चेंडू हातात घेईपर्यंत निवड करणारे साहेब नावे लिहून उठले होते. त्याने त्यांची गाडी फाटकातून बाहेर पडताना पाहिली आणि तरीही पूर्ण षटक टाकले.

कोंडीबा शेलार माझा मित्र. तो आजही म्हणतो की सांगलीकरांनी फसवले. तसे काही झाले नाही. नाणे खरे होते, पंच खरे होते. मी कुणाला दोष देऊ शकत नाही, आणि मला तेच सोसत नाही. कुणी फसवले असते तर मी निदान भांडलो असतो.

चार) थांब्यावरचा धंदा बसत चालला तेव्हा मी जीप विकून पांढरी गाडी घेतली. पृथ्वीराज ती पुण्यात मोबाइलवरच्या टॅक्सी कंपनीला लावून चालवू लागला. चांगला चालवायचा. लोक त्याला चांगले शेरे द्यायचे, ते तो फोन करून आईला वाचून दाखवायचा.

मग एका बाईंनी तक्रार केली की ड्रायव्हरने गाडी भलत्या रस्त्याने नेली. नेहमीचा रस्ता खणलेला होता. त्या बाई खोटे बोलल्या असे मी म्हणत नाही. एकट्या होत्या, भ्यायल्या असतील. दुसऱ्या दिवशी पृथ्वीराजचा मोबाइल त्याला कामावर घेईना. त्याचे खाते बंद झाले होते.

मी पुण्याला गेलो. आम्ही दोघे कंपनीच्या कचेरीत बसलो. टेबलामागे सृष्टीच्या वयाची मुलगी होती. तिने आमचे सगळे ऐकून घेतले. मी म्हणालो, ज्यांनी बंद केले त्यांना बोलवा, मी दोन शब्द बोलतो.

ती म्हणाली, "काका, कुणी बंद केलेलं नाही. ते आपोआप होतं."

"आपोआप म्हणजे कोण?" मी विचारले.

तिने उठून आम्हाला पाणी आणून दिले. तिच्या हातात काही नव्हते हे मला दिसत होते. मोबाइलवर अर्ज करा म्हणाली, तो केला. खाते बंदच राहील असे उत्तर लगेच आले, पुन्हा केला तेव्हाही तेच उत्तर आले, अक्षर न् अक्षर तेच.

जिना उतरताना पृथ्वीराज म्हणाला, "सांगलीत नाणं तरी दिसत हुतं, आप्पा."

तेव्हापासून तो घरी आहे. रोज सकाळी गाडी धुतो. माझ्या नंबरावर उभा राहा म्हणून मी त्याला थांब्यावर नेले. पाळी आली, एक म्हातारे गृहस्थ दार उघडून बसले. पृथ्वीराज खाली उतरला आणि त्यांना हात धरून कोंडीबाच्या गाडीत बसवून आला. का रे, म्हणून विचारले, तर म्हणाला, यांनी तक्रार केली तर? मी त्याला रागावलो नाही. काय करावे हेच मला समजले नाही. लीलाबाईने नवस केले, मी डॉक्टर केले. फरक नाही.

पाच) सदर पांढरी गाडी, कागदपत्रांसह, मुलगा पृथ्वीराज यास देत आहे.

सहा) कलम पाच रद्द समजावे. त्याऐवजी पुढील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

आज सही करायला पृथ्वीराजनेच मला वकिलांच्या कचेरीत आणले. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे क्षमाताई म्हणाल्या, म्हणून तो बाहेर बाकावर बसला. मी लघवीला उठलो तेव्हा त्याने मला धरले आणि पडवीत थांबवले.

"आप्पा, गाडी माझ्या नावावर करू नगासा," तो म्हणाला. "मागं कुणी बसलं की माझ्या छातीत धडधडतंय. मला न्हाई जमायचं."

मी त्याला म्हणालो, घर पुढे निम्मे तुझे आहेच, पण हाताला धंदा म्हणून माझ्याजवळ दुसरे काही नाही. मग तुला देऊ तरी काय?

त्याने माझा दंड आणखी घट्ट धरला.

"काय नगं. तुमी ऱ्हावा."

मी आत आलो आणि क्षमाताईंना गाडीचे काय करायचे ते विचारले. त्या म्हणाल्या, कुणाचे तरी नाव घालावे लागेल. विकायची म्हटले तर तो सकाळी काय धुणार, हे मनात आले. सबब सदर गाडी मी पत्नी लीलाबाई हिला देत आहे. तिला गाडी चालवता येत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. कलम सहामधील अक्षर वेडेवाकडे असले तरी ते माझेच आहे.

लिहून ठेवणार : आकाराम जोतिबा फडतरे (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली :
१. कोंडीबा शेलार, टॅक्सीचालक, सातारा (सही)
२. डॉ. गोपाळकृष्ण आगटे, सातारा (सही)

ठिकाण : सातारा
दिनांक : १७ जानेवारी २०२५