तुझ्या हातात काय काढू?

प्रिय आई,

तुला जाऊन वर्ष होत आलं. पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, रोज कागदावर तुझाच चेहरा काढत बसलेय ना! पण आज इलाज नाही. चित्रांतून तुझं आयुष्य सांगणाऱ्या माझ्या पुस्तकाची, तुझ्या चित्रचरित्राची, पानं उद्या प्रकाशकांकडे जायची आहेत. एक पान अडलंय आणि त्यावरून भांडायला दादा कापडे गावातली शेती टाकून निघालाय. एसटी एव्हाना महाडात शिरली असेल.

पान कुठलं ते तू ओळखलंच असशील. पुराचं.

तुझा सत्कार कुठेही असो, ती गोष्ट सांगितल्याशिवाय कुणाला हार घालता आला का? सावित्रीचं पाणी घरात शिरलं, चित्रकार बाईंनी जन्मभराची चित्रं पाण्यावर सोडली आणि दोन्ही पोरांना घेऊन माळ्यावर चढल्या! टाळ्या! तू खाली मान घालून बसायचीस. एकदाही "असं नव्हतं हो" म्हणाली नाहीस. का गं?

भाषणात सगळं खपतं. चित्रात नाही खपत. बाई शिडीवर काढली की तिच्या हातात काहीतरी काढावंच लागतं. मी तुझी ओली साडी काढली, शिडी काढली, खाली खाटेवर आम्हा दोघांना काढलं. तुझे हात मात्र किती दिवस कोरे ठेवले.

कारण मला आठवतंय. तू आधी चित्रं नेलीस. कॅनव्हास छातीशी धरून चढलीस, उतरलीस, पुन्हा चढलीस. मी हाका मारत होते. "आले गो, आले," म्हणत होतीस आणि येत नव्हतीस.

मागे एका गायकाचं चित्रचरित्र केलं तेव्हा मी त्याची दारूची बाटली पानोपानी काढली होती. तू चष्मा वर करून म्हणालीस, "लोकांच्या घरातलं बरं दिसतं गो तुला. आपल्यातलं काढशील?" मी ऐटीत म्हटलं, "काढीन की!" आता काढ म्हणावं!

काल दादाला फोनवर सांगितलं तर तो भडकला. "आईने आधी मला उचललं. सगळ्या गावाला ठाऊक हाय. ते पान ठेवलंस तर मी सही देणार नाय, सांगून ठेवतो." तुझा वारस म्हणून त्याचीही संमती लागते; त्याची सही नसेल तर पुस्तक नाही. आणि आई, पुस्तकापेक्षा मला त्याचंच जास्त वाटतं. इतकी वर्षं तो त्या एका गोष्टीवर जगलाय. ती मी त्याच्याकडून काढून घ्यायची? आणि नाही घेतली, तर जिच्या बापाची बाटली मी जगाला दाखवली, त्या गायकाच्या मुलीला कुठल्या तोंडाने भेटू?

सकाळी शेवटी पेन्सिलीने कॅनव्हास काढले. तुझ्या हातात. अजून शाई फिरवून रेषा पक्क्या केलेल्या नाहीत. दार वाजलं बघ.

तो आला, आई. चहासुद्धा घेतला नाही. पान खिडकीशी नेलं आणि बघत राहिला. मी भांडायच्या तयारीत उभी.

"चुकलंय," म्हणाला.

"काय चुकलं? मी डोळ्यांनी पाहिलंय, दादा."

"मला खाटेवर काढलंस. मी खाटेवर नव्हतो." त्याने छातीवर हात ठेवला. "पाणी इथवर हुतं मला. खाट हलत होती. तुझे पाय धरून उभा होतो मी, तू पडशील म्हणून."

"म्हणजे तुला सगळं आठवतंय? मग आजवर सगळ्यांना काय सांगत होतास?"

"आई समोर बसलेली असायची गो. काय सांगू? मग तेच तोंडात बसलं."

मग त्याने चहा मागितला. कप हातात घेऊन एकच विचारलं, "ती परत खाली आली, ते काढलंस का?"

नव्हतं काढलं. मला तुझा राग होता, आई. अजून आहे. ती चित्रं वाचली नसती तर आज तुझं चरित्र काढायला कुणी बसलं नसतं, हेही कळतं. तरी राग आहे. आणि तू इतकी हवी आहेस की काय सांगू!

सही करून दादा मघाशी गेला. मी दादाला खाटेवरून खोडलं आणि पाण्यात उभं केलंय. त्याचे हात काढताना रडले.

आता तुला शब्द देते. तुझ्या हातातले कॅनव्हास तसेच राहतील, त्यांवर शाई फिरवीन. तुझ्या चेहऱ्यावर पश्चात्ताप काढणार नाही, कारण मी तो पाहिलेला नाही. आणि उद्या सकाळपर्यंत आणखी एक पान काढीन, तेही डोळ्यांनी पाहिलेलंच. त्यात तू रिकाम्या हातांनी शिडी उतरून त्या पाण्यात येतेस, आणि आधी दादाला उचलतेस.

तुझीच,
मनी