बीएसएचं इंजिन वाघोलीला

३ नोव्हेंबर

पार्किंगमध्ये सेक्रेटरींची पाटी — "पार्किंग म्हणजे भंगारखाना नव्हे." नाव कुणाचंच नाही, रोख आमच्यावर! मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बीएसए मोटरसायकलचा सांगाडा जिन्याखाली चादर पांघरून उभा आहे. नवऱ्याला, रतनला म्हटलं, विकून टाक. "बघू," म्हणाला. म्हणजे नाही.

७ नोव्हेंबर

जुन्या ब्रिटिश मोटरसायकली घेणारा सलिल येऊन गेला. मीच बोलावला होता. बूट दाराबाहेर काढले — तिथेच मला आवडला. खाली जाऊन टॉर्च घेऊन सरळ फरशीवर आडवा झाला. मग भाव. नुसता सांगाडा — पंधरा हजार, "तेही चहा चांगला होता म्हणून, काकू." इंजिन बसवलेलं पण बंद — लाखभर. चालू — दोन-अडीच. "आणि इंजिन-चासीचे नंबर मूळ जोडीचे निघाले, तर पाच! चासीचा नंबर ग्रीसखाली गेलाय. इंजिन आलं की दोन्ही बघू. रंगाला मात्र हात लावू नका, नवा रंग दिला की भाव पडतो." (आणि मी दिवाळीला ऑइलपेंट मारणार होते!)

"इंजिन कुठंय?"

रतन खिडकीबाहेर बघत बसला. मीच सांगितलं — वाघोलीला, माझ्या मोठ्या दिरांकडे.

मामा गेले तेव्हा इंजिन दुरुस्तीसाठी उत्तरेश्वर भाऊजींच्या गॅरेजात होतं. पुढे घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं वाजलं. तू सांगाडा पाठव, तू इंजिन पाठव — पाठवलं कुणीच नाही. शहाणे दोघंही! अकरा वर्षं बोलणं बंद. चौदा एप्रिलला एकाच पुतळ्याला हार घालायला जातात, वेळा चुकवून. आल्यावर रतनला जेवण जात नाही. मला ते बघवत नाही.

१० नोव्हेंबर

रतनला न विचारता भाऊजींना फोन केला. सगळे भाव सांगितले. त्यांनी शेवटचाच भाव पुन्हा विचारला.

"नंबर जोडीचे असतील तर पाच म्हणतोय?"

"हो."

"रविवारी येतो."

१६ नोव्हेंबर

आले! टेम्पोतून, इंजिन पोत्यात गुंडाळून. "जय भीम." "जय भीम." रतन आपले पाने घेऊन आला. मग भाऊजी म्हणाले, "तुझे पाने चालणार नाहीत. हिला इंची लागतात." रतनने पलंगाखालून मामांचे इंची पाने काढले. ते तिथे आहेत हे मला लग्नापासून आजवर माहीत नव्हतं!

दुपारपर्यंत भांडण सुरू. "आंधळा आहेस का?" "तू धर ना नीट!" ऐकायला इतकं बरं वाटलं. मटण केलं. दोघांनी एकाच ताटातला कांदा संपवला.

२३ नोव्हेंबर

चालू झाली!! पार्किंगभर धूर. सेक्रेटरी धावत आले, तर रतन म्हणतो, "भंगार बघायला आलात? बसा." दोघं खडकवासल्याला जाऊन आले, भाऊजी मागे. परत आले तेव्हा रतन हसत होता, पोटातून. मी आत जाऊन रडून घेतलं.

सलिल पुढच्या रविवारी येणार.

२७ नोव्हेंबर

सलिलला सोपं जावं म्हणून रॉकेलचा बोळा घेऊन हँडलखालच्या चासीच्या नंबरावरचं ग्रीस पुसलं. इंजिनचा बघितला. जुळत नाहीत! पुन्हा पुसून बघितलं. नाहीच.

पाच लाख गेले, जाऊ देत. पण आता हा म्हणणार, तू इंजिन बदललंस. तो म्हणणार, तू चासी बदललीस. आणि पुन्हा सगळं बंद.

सलिलला कळवलं — येऊ नका, विकायची नाही. रतनला काय सांगू, कळत नाही.

३० नोव्हेंबर

भाऊजी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. "सलिल येणार नाही ना? तूच थांबवलंस. नंबरावरचं ग्रीस पुसलेलं दिसलं मला." मी पाण्याचा पेला पुढे केला.

"अगं, नंबर जुळत नाहीत, मला माहितेय. बाबांनी इंजिन बदललं तेव्हा मीच टॉर्च धरून उभा होतो. रतन पाळण्यात होता."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"तू बोलावलंस म्हणून."