बिंदगीवालीच्या बिंदगीत काय होतं

माझ्या लाडाच्या, आगाऊ सोने,

परवा मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस झाली. तू नसतानाची पहिली. त्या दिवशी रानात काय घडलं ते दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून तुला सांगायच्या आत मीच सांगते. लिहितेय तुझी आई. मी 'म्या' म्हणाले की ती 'मी' लिहिते. शिकलेली सून केली की म्हातारीची जीभसुद्धा धुऊन निघते! लिही गं सुनंदा, हे पण लिही.

कशी आहेस? तिथं सुया टोचत नाहीत ना? इथं तुझ्या हाताची चाळणी झाली होती. सोलापूरच्या दवाखान्यात रगत धुवायच्या मशीनला तुला जखडून ठेवायचे, आणि तू मोकळ्या हातानं फोनवर लिहीत बसायचीस. मी विचारायची, "काय लिहितीस गं एवढं?" तू म्हणायचीस, "भुताची गोष्ट, आज्जे. गप पड." मला वाटायचं, आजारी लेकरू, देवाधर्माचं काही लिहील. तर हिचं भूत!

एक विचारू? भूत करायला तुला सगळ्या धाराशिव जिल्ह्यात मीच सापडले व्हय?

तुझी बिंदगीवाली अवसेला बांधाबांधानं हिंडते. डाव्या पायानं लंगडते. तोंडात मिसरी, डोक्यावर घागरीसारखी बिंदगी. आणि दिसेल त्या बाईला विचारते, "कुणाची गं तू?" अगं, हे मी आयुष्यभर विचारत आले! बेंबळीच्या फाट्यावर एसटीतून एखादी पोर उतरली तर कुणाची, कुठली, हे विचारायचं नाही तर काय तोंड फिरवायचं? तू तेच उचलून भुताच्या तोंडी घातलंस. आणि कुठकुठली पोरं म्हणं फोनवर एकमेकांना राम राम घालायच्या जागी हेच विचारायला लागली!

मशीनशेजारी बसून तूच मला त्यांची चित्रं दाखवायचीस, आठवतं? ओळख ना पाळख, आणि लोकं तुझ्या गोष्टीतलं भूत रंगवून पाठवत होती. एकानं मला विळ्यासारखी नखं दिली होती. एकानं कणसातल्या दाण्यांसारखे दात. माझ्या तोंडात उरलेत किती, ते तुला माहीत! एकानं तर मला तरणी केली, कंबर अशी मुठीत मावेल. त्याचं देव भलं करो. आणि त्या चित्रांखाली लोकांनी अंगठे दिलेले. मी जन्मभर अंगठाच देत आले गं, मला कुणी असं नावाजलं नाही!

पण बिंदगीचं मला हसू यायचं. ज्यानं त्यानं तिच्यातून रगत सांडताना काढलेलं. कुणी म्हणायचं आत मुंडकं आहे, कुणी म्हणायचं मेलेलं लेकरू. त्यावरून फोनमध्ये भांडणं! मी म्हणाले, "सांगून टाक की त्यांना, येळवशीची आंबील आहे म्हणून." तू हसलीस. "शेवटच्या भागात सांगणार, आज्जे. तोवर भिऊ दे."

शेवटचा भाग लिहायच्या आधी कुणी जातं का सोने? एवढी कसली घाई होती?

तू श्रावणात गेलीस आणि फोनमधलं तुझं पान मुकं झालं. खरं नाव तू कुठं टाकलं नव्हतंस, नुसतं 'रानातली'. वाचणाऱ्यांना काय ठावं? त्यांनी वाट बघितली, विचारलं, आणि मग खेळ मांडला. एकीनं चित्र काढलं. बिंदगीत बुडणारा एक हात, हातात फोन. खाली लिहिलं, 'बिंदगीवालीनं रानातलीला नेलं.' त्यांच्यासाठी गंमत. पण तुझा फोन तेव्हा तुझ्या आईच्या हातात होता.

आणि इथं गावातही तेच चाललं होतं. भेटायला आलेल्या बाया उठता उठता उंबऱ्यात म्हणायच्या, "पोरगी सारखी भुताखेताचं लिवायची, मग दुसरं काय व्हणार?" तुझी आई पाण्याचा तांब्या पुढं करायची. गोष्ट तिनं एक ओळही वाचली नव्हती. तिला तिची भीतीच बसली होती. एक दिवस मला म्हणाली, "आत्या, येळवस झाली की ते पान बंद करायचं. सगळं पुसून टाकायचं."

आईपुढं आजीचं दुःख धाकटंच. पण टोचलेल्या हातानं तू लिहिलेलं पुसायचं म्हणजे मला भरल्या ताटाला लाथ मारल्यासारखं वाटत होतं.

मग येळवस आली. रानात कडब्याची कोप घातली, पाच दगडांचे पांडव मांडले, पालेभाज्या-शेंगांची भज्जी झाली, बाजरीचे उंडे झाले. तुझी आई पुढं जाऊन कोपीत बसली होती. मी मागून येत होते, सावकाश. डोक्यावर आंबलीची बिंदगी, वर घोंगडी. तर तुरीच्या कडेला दोन पोरी उभ्या. पायात पांढरे बूट, हातात फोन, आपल्या कोपीचे फोटो काढतायत. येळवशीला रानात आलेलं माणूस, मग ते वैरी का असेना, जेवल्याबिगर जाऊ द्यायचं नाही. म्हणून मी मागून जाऊन माझ्या रीतीनं विचारलं, "कुणाच्या गं तुम्ही?"

अगं काय किंचाळल्या! एक तुरीत पडली आणि दुसरी तिच्यावर!

"आजी, तुम्ही... खऱ्या आहात?"

"हात लावून बघ. पण आधी ही बिंदगी उतरू लाग, मान मोडली माझी."

एक सोलापूरची तन्वी, चित्रं काढणारी. दुसरी नांदेडची मुबीना, तिला तुझी गोष्ट तोंडपाठ. गोष्टीतला फाटा आणि ओढा हुडकत एसटीनं आल्या होत्या. मुबीनानं जपून बिंदगीत डोकावलं.

"आजी, यात काय आहे?"

"आंबील. ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ. आज सगळ्या शिवारात शिंपायची आणि येईल त्याला पाजायची."

तन्वी म्हणाली, "अय्यो! आणि आपण ह्यात रक्त भरत होतो!"

हसू नकोस. पुढचं ऐक. मी दोघींना कोपीजवळ नेलं आणि द्रोणात आंबील ओतून दिली.

तुझी आई कोपीबाहेर आली. हातात पळी. "कोण गं ह्या?"

"काकू, आम्ही रानातलीच्या फॅन आहोत. ती इथलीच ना? ओळखता का तुम्ही तिला?"

मला वाटलं, आता ही पोरींना हाकलते, तेही सणाच्या दिवशी. पण ती शांतपणे म्हणाली, "माझी मुलगी ती. गेली श्रावणात. किडन्या गेल्या होत्या."

तन्वीनं हातातला द्रोण खाली ठेवला. मग म्हणाली, "काकू, ते हाताचं चित्र मी काढलं होतं. मला वाटलं, ती आम्हाला भिववायला मुद्दाम गप्प बसलीय."

मी तुझ्या आईकडे बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

तुझी आई तिच्यावर रागं भरली नाही गं. तिनं भलतंच विचारलं. म्हणाली, "शेवटी काय लिहिलं होतं तिनं? मी वाचलं नाही."

मुबीनानं सांगितलं. कोपीत एक पोरगी निजलेली आहे. तिला उठवत नाही. बिंदगीवाली दारात येते आणि पहिल्यांदाच डोक्यावरची बिंदगी खाली उतरवते. तिथंच गोष्ट थांबली.

"ती पोरगी भिते का?" तुझ्या आईनं विचारलं.

"नाही काकू. तिथं लिहिलंय, 'तिला वाटलं, आलं कुणीतरी.'"

तुझी आई कोपीच्या दारात मटकन खाली बसली. तू गेल्यापासून जे रडायचं राहिलं होतं ते सगळं रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं येडे, भूत असं बिंदगी उतरवून बसतं का? मी हाय ती! पोरीला भूक लागली असंल म्हणून आलीय." तर ती हुंदके देता देता हसली. पोरी पण हसल्या, आणि मग त्या रडायला लागल्या. आमच्या कोपीत त्या दिवशी कोण कुणाचे डोळे पुसत होतं, कळेना.

संध्याकाळी पोरींना फाट्यावर सोडून आलो. तुझी आई फोन घेऊन माझ्याजवळ बसली. मला वाटलं, आता पुसते. तर म्हणाली, "आत्या, पुढं काय झालं ते सांगा. मी लिहिते."

मग मी सांगितलं. बिंदगीवाली पोरीच्या उशाशी बसली. तिला घोट घोट आंबील पाजली. मिसरी लावत गावच्या चहाड्या सांगितल्या. उजाडलं तरी उठली नाही. एवढंच. मला काय तुझ्यासारखं भिववता येतं? पण तुझ्या आईनं मधेच स्वतःच्या मनानं दोन ओळी घातल्या. बिंदगीवाली विचारते, "कुणाची गं तू?" आणि पोरगी म्हणते, "सुनंदाची."

खाली तुझं खरं नाव लिहिलं, आणि तू गेल्याचंही, आणि तुझ्या पानावर टाकलं.

तेव्हापासून फोन सारखा वाजतोय. तन्वीनं ते हाताचं चित्र काढून टाकलं आणि नवं काढलं, कोपीतल्या बिंदगीवालीचं आणि त्या पोरीचं. आंबील मात्र दुधासारखी पांढरीफेक केलीय. आमची आंबील अशी असते का? मी निरोप धाडलाय, सुधार म्हणून. कुणी तुलाच काढतंय, न बघता, कुणाला वाटेल तशी. एकीनं तुझे केस लांबसडक केलेत. तुझ्या आईनं ते चित्र किती वेळ बोटानं मोठं करून बघितलं.

आता शेवटचं. सुनंदा, हेही लिही, गाळू नकोस.

तू गेल्यावर मी रोज तुळजापूरच्या दिशेनं हात जोडून देवीला म्हणायची, चुकून लेकराला नेलंस, आता मला ने. परवापासून ते म्हणणं मी सोडलंय. तुझ्या आईला अजून नीट जेवण जात नाही, तिच्यासमोर बसून खायला कुणीतरी पाहिजे. तेव्हा सोने, वचन देते, मी तिकडं यायची अजिबात घाई करणार नाही. तू वाट बघू नकोस.

तुझी आज्जी,
गोदाबाई
(आणि हे लिहिणारी तुझी आई)