ईदच्या मटणातलं मीठ

तय्यबचाचा, सलाम.

ऊसतोड सोडून बोट आणि बोट सोडून ट्रक धरणारा हा भटक्या सैरूनचाचीला जावई म्हणून कसा पटला, असं तुम्ही लबासा गावभर विचारत फिरताय. (ट्रकही सुटलाय, पण ते राहू दे.)

बकरी ईदला मी तुमच्या नाझरीनला मागणी घालायला आलो. तुम्ही मक्केचा चंद्र धरता, म्हणून तुमची ईद. चाचीचं माहेर इथे फिजीत दिसलेला चंद्र धरतं, म्हणून तिकडे ईद दुसऱ्या दिवशी आणि त्या दिवशी अराफाचा, म्हणजे ईदच्या आदल्या दिवसाचा, मर्जीचा रोजा.

"ईदच्या दिवशी रोजा धरतात, अक्कल नाही त्या लोकांना," म्हणत तुम्ही घास घेतलात आणि तोंड वाकडं केलंत. "दर ईदला हिचं मीठ चुकतं. चाखायला काय होतं गं?"

चाची वाढत राहिली. तिची ताटली कोरडी होती. बाईला रोजा होता, चाखणार कशी? तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी म्हणालो, "मीठ बरोबर आहे, चाचा. तुमचीच जीभ बिघडलीय." आणि ते अळणी मटण तीनदा मागून घेतलं.

संध्याकाळी मगरिबची अजान झाली. चाचीने चुलीआड खजूर तोंडात टाकला आणि बाहेर येऊन म्हणाली, "मुलगा चांगला आहे."

तिचा रोजा तुम्हाला कळू नये, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

पुढच्या ईदला खिशात मिठाची पुडी घेऊन येणारा,
तुमचा होणारा जावई इर्शाद