तिसरं कडवं

नॅशव्हिल, ९ मार्च १९९४

प्रिय व्हर्लीन,

गिटारची चौथी तार अर्धी गुंडाळून तशीच लोंबत सोडली आहे. तुझं पत्र आलं आणि हात थांबला. गुडघा कसा आहे? इथली थंडी ओसरली. माझा खोकला जातो, परत येतो.

तुझ्या भाचीच्या लग्नात ‘लाल बूट’ हे गाणं लावलं आणि सगळे नाचले, असं तू लिहितेस. मला नवल वाटलं नाही. पहिल्या दोन कडव्यांत दाराशी बूट आहेत, ते कुणी हलवत नाही, एवढंच. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणाचा तरी प्रियकर परत यायचा आहे. रेडिओवर गायिका मारली प्रूएटच्या आवाजात तर वाटतंच.

मंगळवारी बारमध्ये मीही ते माझं बारा वर्षांपूर्वीचं गाणं म्हटलं. आम्ही चार गीतकार गोल बसतो, पाळीपाळीने आपापलं म्हणतो. एक बाई जवळ येऊन म्हणाली, “आजोबा, मारलीचं गाणं बरं बसवलंय तुम्ही. पण तिची सर नाही हं.”

आमच्या चौघांतला ऑर्विल म्हणाला, “बाई, बारा वर्षं घासतोय बिचारा. सांभाळून घ्या.”

सगळे हसले. मीही हसलो. दोनच कडवी म्हटली होती.

‘त्या पोरीने आपल्या टेसीला गाण्यातून काढलं आणि तू, तिचा बाप, गप्प बसलास.’ हे तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिला खरमरीत पत्र लिहिणार आहेस म्हणतेस. लिहू नकोस.

शब्द बदलायचे तर लिहिणाऱ्याला विचारायचं, अशी इथली रीत आहे. गेल्या वर्षी मारलीने मला स्टुडिओत बोलावलं, ते विचारायला नव्हे, ऐकवायला. तिन्ही कडवी म्हणाली. तिसऱ्यात टेसीचं नाव आहे, तळ्यावरचा तिच्या पायाखाली फुटलेला बर्फ आहे, आणि व्हरांड्यात गिटार लावत बसलेला, मान वर न केलेला माणूस आहे.

मी ते गातो तेव्हा बोटांकडे बघत असतो. सूर सांभाळायचा असतो, श्वास राखायचा असतो. त्यात निभावून जातं. त्या दिवशी माझ्या हातात काही नव्हतं. चोवीस वर्षांची परकी मुलगी काचेपलीकडे उभी राहून म्हणाली, ‘मी मान वर केली नाही.’ किती साधं म्हणाली.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी म्हणालो, “शेवटचं कडवं काढून टाक.”

“काका, सगळं गाणं त्याच्यासाठीच तर आहे.”

“लांबतं. रेडिओवाले लावायचे नाहीत.”

ती बराच वेळ वाद घालत होती. शेवटी म्हणाली, “गाणं तुमचं आहे.”

व्हर्लीन, टेसीला तिने काढलं नाही. वर्षभर तू तिला दोष देत होतीस आणि मी देऊ दिला. तू पुन्हा पत्रं लिहू लागली होतीस, ती थांबतील, ही भीती होती.

मान खाली घालून,
वेंडल

ता. क. १० मार्च. सकाळी मारलीच्या घरी गेलो. तिन्ही कडव्यांची टेप तिने ठेवली होती. पाकिटात घातली आहे. मी ती ऐकलेली नाही.