चौदावा रकाना

७ फेब्रुवारी, ९४
साहेबांनी बियाणं-खत सबसिडीचा फॉर्म माझ्या टेबलावर टाकला. सात पानं. "अम्मा, दोन पानांत बसवा. दिल्लीत सगळं मोकळं करायलेत, आपणही शेतकऱ्याला जरा मोकळं करू." बरं म्हटलं. हे गेल्यावर ह्यांच्या जागेवर नोकरीला लागून बारा वर्षं झाली, तेव्हापासून 'बरं'च म्हणतेय.
कुकटपल्लीला घरी पोचेपर्यंत सात. सकाळचीच खिचडी.

९ फेब्रु.
रकाने मोजले. एक्केचाळीस. वडिलांचं नाव तीन ठिकाणी. टायपिस्ट करीमभाई म्हणे, "आपा, इत्ते बार बाप का नाम पूछे तो आदमी कू शक होता ना." हसायला हवं होतं. नुसतं पेन शोधत बसले.

१५ फेब्रु.
परत पाठवलेल्या अर्जांचा गठ्ठा काढला. बहुतेक रकाना १४ मुळे. सहहिस्सेदाराची संमती व सही. कुणाचा भाऊ पुण्याला, कुणाची बहीण सासरी, सही मिळेपर्यंत पेरणी होऊन जाते. एकाने तर मेलेल्या चुलत्याची सही ठोकलीय आणि प्रामाणिकपणे आधी "कै." लिहिलंय.
साहेब : चौदावा उडवा. उद्या उडवते म्हटलं.

१६ फेब्रु.
उडवला नाही.
दादा दर मे महिन्यात माहेरून, मुधोळहून येतो ते ह्या एका सहीसाठी. अप्पा गेल्यापासून, दहा वर्षं. आई गेल्यावर बाकी येणं-जाणं संपलं. भाऊबीजेला नाही, ह्यांच्या श्राद्धालासुद्धा नाही. गौलीगुड्याच्या बसस्टँडवर उतरून घरी येतो, ज्वारीची पिशवी दाराशी टेकवतो. "शाले, सही लागतीच की. तुझा बी हिस्सा हाय." चहा, सही, जेवण, की निघाला. चार वाक्यं होतात, त्यातली दोन पावसावर.
रकाना गेला की तेवढंही गेलं. हे टिपणात कसं लिहायचं?

२ मार्च
साहेब चिडले. "एका रकान्याला पंधरा दिवस?" म्हटलं, बायकांचा हक्क बुडेल. म्हणाले, हक्क पट्ट्यावर, जमिनीच्या कागदावर असतो अम्मा, आपल्या फॉर्मवर नाही. बरोबरच आहे. आणि मी कुठे बायकांसाठी भांडत होते? लाज वाटली.

३ मार्च
उडवला. लाल पेनने, एका रेघेत. काही वाटलं नाही. दुपारी डबा खाल्ला. दोडकं.

११ मार्च
नवा फॉर्म पडताळून बघायला गेल्या साली मंजूर झालेले अर्ज मागवले होते. मुधोळचेच मागितले, गावं ओळखीची म्हणून. त्यात दादाचा निघाला.
र. १४ समोर : पट्टा एकट्याच्या नावे, लागू नाही. शिक्का. मागे पट्ट्याची नक्कल. अप्पांनी जिवंतपणीच सगळं दादाच्या नावावर केलेलं. माझं लग्न व्हायच्या आधीच. मला कुणी सांगितलं नाही.
मग मे महिन्यात मी सही केली तो फॉर्म कुठेय? आणि त्याच्या आधीचे नऊ?
करीमभाई : "आपा, पानी पीयो. खाली बैठ के सोचो नक्को." प्यायले.

१३ मार्च, रवि.
दिवसभर पडून. हिस्सा नाही याचा राग आला. अप्पांचा जास्त. मग तोही गेला.
दादा दहा वर्षं बिनकामाची सही का नेत राहिला? मला कळू नये म्हणून? शरम वाटून? की यायला काहीतरी कारण लागतं म्हणून? मी ह्याच खात्यात, एक दिवस कळणार हे त्याला ठाऊक नसेल असं नाही. "तुझा बी हिस्सा हाय" म्हणताना माझ्याकडे बघायचा नाही, पिशवीची गाठ सोडत बसायचा. ते आत्ता आठवतंय.

१८ एप्रिल
नवा फॉर्म छापून आला. दोन पानं. साहेब खूश, सगळ्यांना मिठाई. माझं नाव घेऊन टाळ्या. आता तालुक्याला हाच मिळणार. दादाला माझ्याकडे मागायला काही उरलं नाही.

२ मे
जुने फॉर्म रद्दीत चालले होते. एक काढून घेतला. चौदाव्यासमोर सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली, दादाच्या पत्त्यावर पाकिटात घातला. सोबत चिठ्ठी :
"दादा, तिकडं नवा फॉर्म निघालाय म्हणतील, ऐकू नको. आपल्याला जुनाच लागतो. माझी सही राहिलीय, हा फॉर्म घेऊन ये. ज्वारी संपली. — शालू."
दोनदा वाचली. खरं-खोटं काय ते त्याचं त्याला कळेल. पट्ट्याचं लिहिलं नाही.
पेटीत टाकलं आणि रडू आलं. भर बसस्टॉपवर, लोक बघत होते. बस आली तेव्हा पदराने तोंड पुसून चढले.